मय्यतीच्या ग्रुपमधले तिघे

मय्यत ग्रुपमधून माणसाला काढत नाहीत. हे आमच्या गावात कुणी कुणाला शिकवलेलं नाही, कुठे लिहूनही ठेवलेलं नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. क्रिकेटचा ग्रुप आहे, त्यातून लोक रोज रुसून जातात आणि रोज परत येतात. लग्नाच्या ग्रुपचं तर विचारूच नका, तिथे आकणीच्या भातात मीठ कमी पडलं म्हणून दोन घरं एकमेकांना ब्लॉक करून बसली आहेत. मय्यत ग्रुपचं तसं नाही. गावातला कुणीही गेला, मग तो गावात जावो, मुंबईत, कुवेतला नाहीतर इथे दुबईच्या देरात, बातमी पहिली त्या ग्रुपवर पडते. खाली सगळे ‘इन्ना लिल्लाही’ लिहितात आणि ज्याला जमेल तो निघतो. कुणी हॉस्पिटलात, कुणी कागदपत्रांच्या मागे, कुणी मय्यतीला आंघोळ घालायला, कुणी कबरस्तानात. त्या ग्रुपमधून एखाद्याला काढणं म्हणजे त्याला तोंडावर सांगणं, की तू मेलास तर आम्ही खांदा द्यायला येणार नाही. कुणाची जीभ तरी रेटेल का असं बोलायला?

ह्या ग्रुपचा ॲडमिन माझा नवरा, रफिक. तसा तो माझा सख्खा मामेभाऊ, लहानपणापासून आम्ही अरे-तुरेवाले. लग्नानंतर मामीने, म्हणजे त्याच्या आईने, मला ‘अहो’ म्हणायला शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता. मला हसू आवरेना, त्याला हसू आवरेना. शेवटी मरियमबी मामी म्हणाली, मरा मेल्यांनो, काय हवं ते म्हणा एकमेकांना. ती माझी सासू झाली ती फक्त नावाला, राहिली मामीच.

रफिक देरात एका ट्रेडिंग कंपनीत होता. धक्क्यावरून लाँच सुटतात त्यांच्यावर माल चढवायचा, कागद करायचे, आफ्रिकेकडे रवाना करायचं. दिवसभर उन्हात घसा फोडायचा आणि संध्याकाळी घरी आला की गावच्या मेलेल्या माणसांची व्यवस्था बघायचा. मी चिडायचे. म्हणायचे, जिवंत बायकोकडे बघायला वेळ नाही, मेलेल्यांचा पुढारी झालायस. तो नुसता हसायचा. असा माणूस तुम्हाला चीड आणतो आणि त्याच्यावर नीट चिडूही देत नाही.

आता उझैरचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

उझैर आमच्या गावातल्या शेजारणीचा, खैरुन्निसाखालाचा एकुलता एक मुलगा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होता, कंपनीच्या खोलीत राहायचा. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा, दोनदा वाढून घ्यायचा, माझ्या मुलीला, एमानला, इंग्लिश बोलताना ऐकून लाजायचा. मग यायचा बंद झाला. एक दिवस फोन आला, तुर्कस्तानला चांगली नोकरी मिळतेय, जातोय. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. पुढे गावात पोलीस आले, खैरुन्निसाखालाच्या दारात बसून तासन्‌तास विचारत राहिले, आणि गावभर झालं की पोरगा सीमा ओलांडून त्या अतिरेकी लोकांत सामील झाला. खरं काय ते अल्ला जाणे. त्याच्या आईलाही माहीत नाही, मला कुठून असणार?

इथल्या आमच्या जमातीचे मोठे म्हणजे लियाकतभाई. ते मुद्दाम घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “रफिक, त्या पोराचा नंबर काढ ग्रुपमधून. भलतीच बला आहे ती.”

रफिक म्हणाला, “लियाकतभाई, खैरुन्निसाखालाचं वय झालंय. उद्या ती गेली तर त्याला कळणार कसं? माणूस कसाही असो, आई गेलेली त्याला कळायला नको?”

लियाकतभाईंनी चहात खारी बुडवली, ती तुटून कपात पडली, मग चमच्याने काढत बसले. ते गेल्यावर मी रफिकला म्हटलं, येडा आहेस तू. तो म्हणाला, असू दे.

नंबर राहिला. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. माणसं मरत राहिली, मेसेज पडत राहिले.

मग मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डॉक्टरने रत्नागिरीहून घरी पाठवलं आणि म्हणाला, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. रफिकने रजा टाकली, रविवारचं तिकीट काढलं. बॅग हॉलमध्ये उघडीच पडलेली, त्यात मामीचे डायपर, दूध पावडरचे डबे आणि तिला आवडतात म्हणून इथले मऊ खजूर. ती चावू शकत नव्हती. मी म्हटलं, कशाला नेतोस? तो म्हणाला, कुस्करून देईन ना.

शुक्रवारी नमाजहून तो आला, आम्ही आकणी खायला बसलो आणि बेल वाजली. चार पुरुष आणि एक बाई. कुणी आरडाओरडा केला नाही. पांढऱ्या पायघोळ अरबी कंदुऱ्यातला मोठा साहेब दाराबाहेर चपला काढून आत आला, सलाम केला, बॅगेकडे बघून म्हणाला, कुठे प्रवासाला? रफिकने सांगितलं, आई आजारी आहे. साहेब म्हणाला, अल्ला तिला बरं करो. मग त्यांनी रफिकचा फोन घेतला, लॅपटॉप घेतला, एमानचा टॅब घेतला. माझा फोन त्या बाईने चाळला आणि परत दिला. साहेब मला म्हणाला, “सिस्टर, थोडे प्रश्न आहेत. संध्याकाळपर्यंत येईल, इन्शाल्ला.” रफिकचा हात अजून उष्टा होता. त्याने तो बेसिनवर धुतला, रुमालाला पुसला आणि जाताना मला म्हणाला, “आकणी झाकून ठेव.”

संध्याकाळ झाली. मग दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. रविवारी ते विमान त्याची सीट रिकामी ठेवून गेलं.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथला पोरगेलासा पोलीस कॉम्प्युटरवर नाव टाकून म्हणाला, आमच्याकडे नाही. मग कुणाकडे? म्हणाला, आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठाण्यात गेले, तिथेही तेच. अहो, अख्खा माणूस तुम्ही घरातून उचलून नेलात, पाव किलो कोथिंबीर आहे का ती, कुठे ठेवली आठवत नाही म्हणायला? हे मी तिथे बोलले नाही. तिथे मी ‘थँक यू सर’ म्हटलं आणि टॅक्सीत बसून रडले. आपल्या सरकारच्या कचेरीतही जाऊन आले. त्यांनी अर्ज घेतला आणि विचारणा करतो म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात ग्रुप गळायला लागला. पहिले लियाकतभाई. अमुक नंबर ग्रुप सोडून गेला, अशी बारीक राखाडी ओळ पडते ना, तशी. मग त्यांचे दोन भाऊ. मग शारजातले, मग अबुधाबीतले. कुवेतवाले गेले, सगळ्यात शेवटी गावातलेही गेले, कारण तिथेही कायदे आहेतच आणि घाबरायला तिथल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. दुपारी क्लिनिकच्या रिसेप्शनवर मी बसलेली असायचे, पेशंटांची नावं घ्यायचे आणि काउंटरखाली फोनमध्ये त्या ओळी पडताना बघायचे. ह्यातल्या किती जणांच्या बापांना रफिकने आंघोळ घातली होती! किती जणांच्या मेलेल्या माणसांच्या पेट्या त्याने विमानावर चढवल्या होत्या! माझ्या तोंडात शिव्या येत होत्या आणि समोर एक फिलिपिनो बाई विचारत होती, डॉक्टर कधी येणार.

शेवटी ग्रुपमध्ये तीन नंबर उरले. एक माझा, एक रफिकचा, म्हणजे आता त्यांच्या ताब्यातला, आणि एक उझैरचा, जो कधीचाच बंद.

वकील मिळाला तो युसुफ नावाचा, केरळचा, अबुधाबीत ऑफिस असलेला. तो हिंदी-इंग्लिशमध्ये बोलायचा, मी आपल्या भाषेत सांगते. आधी तीन वकिलांनी केस कसली ते ऐकताच फोन ठेवला होता. युसुफने ठेवला नाही, एवढ्यासाठीच मी त्याला जन्मभर दुआ देईन. त्याने कुठून कुठून माहिती काढली आणि मला समोर बसवून सांगितलं.

“मॅडम, आरोप असा आहे की दहशतवादी संघटनेतल्या माणसाशी सतत संपर्क ठेवला. ग्रुपमध्ये पडलेला प्रत्येक मेसेज त्या पोराच्या नंबरला गेला. म्हणजे प्रत्येक मेसेज हा संपर्क.”

“अहो, ते मय्यतीचे मेसेज आहेत!”

“मला माहीत आहे. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचा. चौघांनी हॉस्पिटलच्या मागच्या गेटवर यावं. दोन गाड्या लागतील. फोटो कुणी काढू नये. काम असरच्या नमाजाआधी उरकायचं. काय वाटेल?”

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, एकदा कुणीतरी समजावून सांगितलं की सुटला माझा माणूस. मी म्हटलं, मग तुम्ही आत जाऊन हे सांगा ना.

युसुफने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, “चोरी असती, चेक बाउन्स असता, अगदी मारामारी असती, तरी मी आज आत गेलो असतो. हा कायदा वेगळा आहे. चौकशी चालू आहे तोवर वकील आत नाही. कुठे ठेवलंय ते सांगायची सक्ती नाही. मुदत संपली की मुदत वाढवतात. त्यासाठी कागद आत जातो, माणूस समोर जात नाही. मला कळेल ते केस कोर्टात उभी राहिल्यावर. तेही दार बंद करून.”

“आणि केस कधी उभी राहील?”

“चौकशी संपल्यावर.”

“चौकशी कधी संपेल?”

त्याने चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. कुणी म्हणत होतं, अबुधाबीबाहेर वाळवंटात लष्कराचा तळ आहे, त्याच्या आतल्या बराकीत ठेवतात. कुणी म्हणत होतं, तसं काही नसतंच. मी युसुफला विचारलं तर म्हणाला, मॅडम, मला ठाऊक असतं तर मी गेटवर जाऊन उभा राहिलो असतो.

माझी एमान बारावीला. तिने शाळेतल्या प्रिंटरवर इथल्या घटनेची कलमं छापून आणली, पिवळ्या मार्करने ओळी रंगवल्या आणि युसुफसमोर ठेवल्या. “अंकल, इट सेज इनोसंट अन्टिल प्रूव्हन. इट सेज फेअर ट्रायल. दे कान्ट जस्ट इग्नोर इट, राइट?”

युसुफने सगळ्या ओळी वाचल्या, उगीच वाचल्यासारखं केलं नाही. मग कपाटातून तो दुसरा, दहशतवादाविरुद्धचा कायदा काढून तिच्यापुढे सरकवला. “बेटा, तू वाचलंस ते बरोबर आहे. आता हेही वाच.” पोरगी तिथेच बसून वाचत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. घरी येताना मेट्रोत ती एवढंच म्हणाली, “मम्मा, बाबा इज नॉट इव्हन अ केस यट.” मी तिला जवळ घेतलं. ती एरवी लोकांसमोर हात लावू देत नाही, त्या दिवशी दिला.

मामीला आम्ही सांगितलं होतं, ऑफिसने रफिकचा पासपोर्ट कामासाठी घेतलाय, मिळाला की निघेल. व्हिडिओ कॉलवर मामीचं अर्धं तोंड हलायचं. “क... कधी?” मी म्हणायचे, ह्या आठवड्यात, इन्शाल्ला. तिच्या उशाशी खैरुन्निसाखाला असायची. होय, तीच. उझैरची आई. गावात तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, आणि मामीला उठवाबसवायला कुणी नव्हतं. तिने मामीचं सगळं केलं, अंग पुसण्यापासून.

एकदा मामी झोपल्यावर तिने फोन पडवीत नेला. म्हणाली, “तहसीन, माझ्या पोराला काढ गं त्या ग्रुपमधून. मी त्याची आई सांगते. मी मेले तर त्याला नको कळू दे. पण रफिकला सुटू दे.”

हे बोलायला तिला किती जड गेलं असेल! माझ्या हातात फोन, रफिकने मलाही कधीतरी ॲडमिन करून ठेवलेलं, एक बोट लावायचा अवकाश. मी आधी युसुफला फोन केला. तो जवळजवळ ओरडलाच. “हात लावू नका! तो पुरावा आहे. आता काढलंत तर पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हालाही नेतील. मुलीचं काय करायचं मग?”

म्हणजे बघा, ठेवलं तो गुन्हा आणि काढलं तर तोही गुन्हा.

त्यानंतर एके दुपारी फोन आला, नंबर न दिसणारा.

“तहसीन, मैं हूँ. ठीक हूँ. हिंदी में बात करना. दूसरी बोली नहीं चलती यहाँ.”

ऐकणाऱ्यांना आमची भाषा येत नसणार. जन्मात मी रफिकशी हिंदीत बोलले नव्हते. मला शब्द सुचेनात, मी म्हटलं, “खाना खाया?” जसं काही तो धक्क्यावरून फोन करतोय. तो म्हणाला, खातो, बीपीची गोळी मिळते, एमानला अभ्यास कर म्हणावं. मग त्याचा आवाज बारीक झाला. “अम्मी?”

“हैं. तुम्हारा रास्ता देखती हैं.”

“बोलो, मैं आ रहा हूँ. रुकने को बोलो.”

मागून कुणीतरी ‘यल्ला’, चल आटप, म्हटलं आणि फोन बंद झाला. मी तो निरोप जशाचा तसा मामीला दिला. तिचा डावा डोळा भरला. मोठ्या कष्टाने ती बोलली, “थांबते. पण... पाय उचल म्हणावं.”

थांबली बिचारी. डॉक्टरने आठवडा सांगितला होता, ती कितीतरी थांबली. एका सकाळी मी क्लिनिकला पोचत होते, तेवढ्यात खैरुन्निसाखालाचा फोन. नुसतं रडणं. मग म्हणाली, “मरियमबी गेली गं. झोपेतच गेली. रफिक, रफिक करत होती काल. तू ग्रुपवर टाक बाई.”

ग्रुपवर टाक. तिलाही सवय. मी जिन्यात बसले आणि तो ग्रुप उघडला. रफिक जसा लिहायचा तसं लिहिलं. मरियमबी, रफिकची आई, आज पहाटे गावात राहत्या घरी वारल्या. माती असरनंतर. दुआ करा. पाठवलं. तिथे दुआ करायला कोण होतं? पण रफिकच्या आईची बातमी रफिकच्या ग्रुपवर पडायची नाही, तर मग कुणाची पडायची?

संदेशावर बोट दाबून धरलं की कुणी वाचला ते दिसतं ना. उझैरच्या नावापुढे काही नाही. आणि रफिकच्या नावापुढे थोड्या वेळाने निळी खूण आली.

एक क्षण मला खरंच वाटलं, त्यानेच वाचलं. मग कळलं, फोन त्यांच्याकडे आहे, कुठल्या तरी टेबलावर चालू ठेवलाय, आणि कुणीतरी माणूस तो वाचतोय. माणूसच ना? मी लगेच इंग्लिशमध्ये दुसरा मेसेज लिहिला. सर, मी रफिकची बायको. त्याची आई आज वारली. कृपा करून त्याला सांगा. त्याला नमाज पढू द्या तिच्यासाठी. निळी खूण लगेच आली. मी जिन्यातच रडत अल्लाचे आभार मानले. त्या न दिसणाऱ्या माणसाला मी दुआ दिल्या, त्याच्या आईला उदंड आयुष्य मागितलं. युसुफनेही अर्ज केला, आई वारल्याचं आरोपीला कळवावं.

मी गावी गेले नाही. व्हिसा रफिकच्या नावावरचा, परत येऊ देतील की नाही ठाऊक नाही, एमानची परीक्षा, आणि मी विमानात असताना त्याचा फोन आला तर? मामीची माती मी फोनवर बघितली. गावातली माणसं आली होती, पण थोडी, आणि तीही अंतर ठेवून. देरातून एकाने तोंड दाखवलं नाही. चार दिवसांनी मासळी बाजारात लियाकतभाई दिसले. मला बघून ते घाईघाईने वळले आणि बर्फातल्या हलव्याचे कल्ले उघडून बघायला लागले. मी मुद्दाम त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. म्हटलं, “लियाकतभाई, मामी गेली.”

ते माशाकडे बघतच म्हणाले, “कळलं बाय. घरी पढलो आम्ही. काय करणार, मला पण पोरं आहेत.”

माझा सगळा राग तिथेच बसला. त्यांच्यावर रागावून तरी काय करू? सगळ्यांनाच पोरं आहेत.

मग कितीतरी दिवस काहीच नाही. पुन्हा मुदत वाढली, युसुफने सांगितलं. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, रफिकने कसं सोसलं असेल? एकटा रडला असेल का? कुणी पाण्याचा पेला तरी पुढे केला असेल का? एवढं तरी समाधान होतं, की त्याला कळलंय.

आणि मग गेल्या गुरुवारी फोन आला. एमान बाजूलाच होती, मी स्पीकर लावला.

“तहसीन!” आवाज खुलला होता, लग्नाच्या वेळचा असावा तसा. “कोर्ट का डेट मिलेगा, बोलते हैं. अगले महीने. मैं बोल दूँगा सब. वो मय्यत का ग्रुप है, जज को समझेगा ना? समझेगा.”

“हाँ,” मी म्हटलं.

“अम्मी को बताओ. आज ही बताओ. बोलो, खजूर लेके आता हूँ. कैसी है? खाती है कुछ?”

एमानने तोंडावर हात दाबला. त्यांनी वाचलं होतं. दोन्ही मेसेज वाचले, अर्जही वाचला, आणि त्याला सांगितलं नाही. तो इतके दिवस ती बरी व्हावी म्हणून दुआ मागत होता. दहशतवादी म्हणून ज्याच्या मागे जग लागलंय, त्या पोरालाही आई गेलेली कळायला हवी म्हणून हा माणूस आत गेला. आणि ह्यालाच कुणी सांगितलं नाही!

खोटं बोलणं सोपं होतं. हैं, ठीक हैं, रास्ता देखती हैं. जिभेवर आलंही. पण मग रफिक आत गेला तो कशासाठी?

“रफिक,” मी म्हटलं. हिंदी सुटली माझी. “मामी गेली रे. झोपेत गेली. त्रास नाही झाला.”

त्याने ‘इन्ना लिल्लाही’ पूर्ण म्हटलं, सावकाश, जसा तो दुसऱ्यांच्या घरी म्हणायचा. मागून कुणीतरी दरडावलं, हिंदी, हिंदी. रफिकने ऐकलंच नाही.

“खैरुन्निसाखाला होती जवळ?”

“होती. शेवटपर्यंत.”

“ग्रुपवर टाकलंस?” आता तो रडत होता, पण विचारत होता ॲडमिनसारखं. “लोकांनी लिहिलं ना?”

माझ्या हातातला फोन आणि त्यातला तो ग्रुप. आम्ही तिघं.

“सगळ्यांनी लिहिलं,” मी म्हटलं. “एकूण एक माणसाने लिहिलं, रफिक. देरातले सगळे घरी आले. लियाकतभाईंनी दुआ केली. चपला ठेवायला दारात जागा उरली नाही.”

“हां,” तो म्हणाला. “मग ठीक.”

“खलास, सिस्टर,” दुसरा आवाज आला. “खलास.”